मंद म्हणजे नक्की काय, आणि कशात मंद?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्यातल्या मांजलपूरच्या एका ताईंची मुलगी तिसरीत आहे, शाळा गुजराती माध्यमाची. टीचरनी डायरीत एक ओळ लिहून पाठवली, "वांचनमां मंद छे". ते वाचल्यापासून ताईंच्या डोळ्याला डोळा नाही, सासरे म्हणतात अगं मंद काही शिवी नाही, मंद वारा म्हणतोच ना आपण, मंदिरातसुद्धा मंद आहे, आणि नवरा म्हणतो आम्ही कॉलेजात ढ पोराला सरळ मंद म्हणायचो. तर ताईंनी विचारलंय की ह्या शब्दाचा खरा अर्थ काय, तो आला कुठून, मंदी, मंद्र, मंदिर हे सगळे एकाच घरातले का, आणि मंद, मठ्ठ, ढ, जड हे सगळे सारखेच का.

ताई, मी एकतीस वर्षं बडोद्यात मराठी आणि संस्कृत शिकवलं आणि आता गुजराती-मराठी भाषांतराची कामं करते, त्यामुळे हा शब्द माझ्या हातून इतक्या वेळा गेलाय की त्याच्यावर बोलायला बसले तर वेळ लागेल, पण आधी तुमच्या जिवाला लागलेलं तेवढं सांगते. टीचरनी गुजरातीत लिहिलंय, तर ते गुजरातीतच वाचा. गुजरातीत अभ्यासात कच्च्या पोराला ठेवणीतला शब्द आहे ठोठ, आणि रागाने बोलायचं झालं तर डोबो. मंद हा तिथे मुख्यतः गतीचा शब्द आहे. आणि त्या ओळीत सगळ्यात महत्त्वाचा शब्द मंद नाहीच, "वांचनमां" आहे. वाचनात मंद. म्हणजे वाचायला वेळ लागतोय, एवढंच त्या बाईंनी पाहिलं आणि एवढंच लिहिलं. तुम्ही ते मराठी कानाने वाचलंत, आणि आजच्या मराठीत, विशेषतः पोरांच्या तोंडी, "ए मंद", "मंद आहेस का" असं झालंय, तिथे कशात मंद हे कुणी विचारतच नाही, अख्खं माणूसच मंद होऊन बसतं. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि शब्दाचा इतिहास पाहिलात तर तुम्हालाही वाटेल.

आता मूळ. पाणिनीय धातुपाठात, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणातल्या क्रियापदांच्या मूळ रूपांच्या यादीत, एक धातू आहे, "मदि स्तुति-मोद-मद-स्वप्न-कान्ति-गतिषु". म्हणजे स्तुती करणं, आनंद होणं, धुंदी येणं, झोपणं, झळकणं आणि चालणं, एवढे सहा अर्थ एकाच धातूच्या गळ्यात बांधलेत. वेदात ह्याच घरातला मन्द्र हा शब्द येतो तो अग्नीचं विशेषण म्हणून, आणि अर्थ आहे आनंद देणारा, गोड बोलणारा. मग आनंदापासून आळसापर्यंत हा शब्द आला कसा? मला विचाराल तर वाट मद आणि स्वप्न ह्या दोन अर्थांतून गेलीय. पोटभर जेवलेल्या माणसाला जी गोड गुंगी येते ना, श्रीखंडपुरीनंतर दुपारी अडीच वाजता घरात जशी सगळ्यांची बोलणी हळू होत जातात, डोळे अर्धे मिटतात, ती अवस्था डोळ्यासमोर आणा, त्यात आनंदही आहे, धुंदीही आहे, झोपही आहे आणि गती कमी होणंही आहे. शिवाय कोशकारांनी ह्याच रूपाचा अजून एक अर्थ नोंदवलाय, थांबणं, रेंगाळणं, मुक्काम करणं. तो धरला की सासऱ्यांच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. मंदिर म्हणजे मुळात देऊळ नाहीच, नुसतं घर, राहायची जागा, जिथे माणूस थांबतो ती. अमरकोशात, म्हणजे संस्कृतच्या जुन्या श्लोकबद्ध शब्दकोशात, घराचे शब्द दिलेत त्यात "निशान्तपस्त्यसदनं भवनागारमन्दिरम्" असं सदन, भवन, आगार ह्यांच्या रांगेत मंदिर बसलंय. देवाचं घर हा अर्थ पुढे घट्ट झाला. आणि ह्याच कुळातला आज कुणालाच आठवत नाही असा एक शब्द आहे, मंदुरा, म्हणजे घोड्यांची पागा, जिथे दिवसभर धावलेले घोडे उभे राहतात ती. मला हा शब्द फार आवडतो. संस्कृतच्या वर्गात मंदुरा फळ्यावर लिहिला की पोरांना पागेतला वास येतो इतकं तो शब्द चित्र उभं करतो.

तर सासरे निम्मे बरोबर आहेत. निम्मे अशासाठी की मंद ला मूर्ख हा अर्थसुद्धा काही कॉलेजच्या पोरांनी काल लावलेला नाही, तो फार जुना आहे. अमरकोशात मंद दोनदा येतो आणि दोन्ही ओळी मला आजोबांनी दांडिया बाजारातल्या घरात झोपाळ्यावर बसून पाठ करून घेतल्यात, तेव्हा अर्थ कळत नव्हता, नुसता ठेका कळायचा. एक ओळ अनेकार्थी शब्दांमधली, "मूढाल्पापटुनिर्भाग्या मन्दाः स्युः", म्हणजे मूढ, अल्प, अपटू आणि दुर्दैवी ह्या चौघांना मंद म्हणतात. आता ह्यात मूढ आहेच, ते नाकारून चालणार नाही. पण अल्प बघा, नुसतं थोडं. मंदोदरी ह्या नावात हाच अर्थ आहे, जिचं पोट बारीक ती, सडपातळ कमरेची, रावणाच्या राणीला कुणी मंद म्हटलेलं नाही. आणि अपटू म्हणजे ज्याला एखादी गोष्ट अजून सफाईने येत नाही तो. तुमच्या मुलीच्या टीचरना जो अर्थ अभिप्रेत आहे तो हा.

दुसरी ओळ आळशी माणसाच्या नावांची आहे, "मन्दस्तुन्दपरिमृज आलस्यः शीतकोऽलसोऽनुष्णः". ह्या ओळीवर थोडं थांबायला हवं. तुन्दपरिमृज म्हणजे पोटावरून हात फिरवत बसणारा, आणि हा शब्द इतका रूढ होता की पाणिनीला त्याच्यासाठी सूत्रात सोय करावी लागली. पण मला जास्त महत्त्वाचे वाटतात ते शीतक आणि अनुष्ण. आळशी माणसाला ते लोक थंड म्हणत होते, ज्याच्यात ऊब नाही असा. आणि गंमत नाही, अगदी गंभीरपणे सांगते, जड ह्या शब्दाचंही तेच आहे. आज आपण जड म्हणजे वजनदार म्हणतो, पण अमरकोशात जड हा थंडच्या यादीत आहे, शिशिर, जड, तुषार, शीतल, शीत, हिम अशी ती माळ आहे. थंडीने बोटं बधिर होतात, हलत नाहीत, वळत नाहीत, तशी बुद्धी झाली की ती जड. शाळेत सकाळी आपण सगळ्यांनी सरस्वतीची प्रार्थना म्हटलीय, तिच्या शेवटी निःशेषजाड्यापहा येतं, सगळं जाड्य घालवणारी. जाड्य म्हणजे हा गारठा. गारठलेल्या माणसाला आपण शेकोटीजवळ बसवतो, तुझी जातच गारठ्याची असं कुणी म्हणत नाही. जुन्या शब्दांत ही ऊब आणण्याची शक्यता आतच ठेवलेली आहे असं मला वाटतं.

वैद्यांकडे तर हे अजून स्वच्छ दिसतं. आयुर्वेदात पोटातल्या अग्नीचे चार प्रकार सांगतात, सम, विषम, तीक्ष्ण आणि मंद. मंद अग्नी म्हणजे खाल्लेलं पचायला वेळ लागतो, आणि तो कफाने होतो, आणि त्यावर सुंठ द्या, लंघन करा, गरम पाणी प्या असे उपाय आहेत. मंदाग्नी हे दुखण्याचं नाव आहे, रोग्याचं नाही. आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट, त्याने द्रव्यांचे वीस गुण जोड्यांनी सांगितलेत, गुरू-लघू, शीत-उष्ण, स्निग्ध-रुक्ष वगैरे, त्यात मंद ची जोडी आहे तीक्ष्ण शी. म्हणजे मंद च्या विरुद्ध हुशार नाही, मंद च्या विरुद्ध तीक्ष्ण, धारदार, लगेच लागणारं, मिरीसारखं. आणि वैद्य काही मंद ला वाईट आणि तीक्ष्ण ला चांगलं म्हणत नाही, दोन्ही गुण आहेत, कधी हे लागतं कधी ते. बासुंदी मंद आचेवरच करतात, कढईच्या कडेला साय धरते, ती खरवडून पुन्हा दुधात ढकलायची, तासभर हेच करायचं, आणि घाई करून आच वाढवली की बुडाला लागलंच.

आता ही जोडी बाजारात बघा. मांडवीच्या आसपासच्या पेढ्यांवर रोज जे बोलतात ते तेजी-मंदी. तेजी मधला तेज हा फारसीतून आला, तेज़ म्हणजे धारदार, जलद, आणि तो फारसी शब्द आणि आपल्या संस्कृत तीक्ष्ण मधला तिज् धातू हे एकाच मुळाचे आहेत, आपलं तेजही तिथलंच. म्हणजे वैद्याच्या खलबत्त्यापाशी जी तीक्ष्ण-मंद जोडी होती तीच इराणला वळसा घालून बाजारात तेजी-मंदी म्हणून उभी आहे. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी कितीतरी दिवस भेटेल त्याला सांगत होते. आणि बाजारातल्या मंदीचंही तसंच आहे, ती येते आणि जाते, व्यापारी मंदीत दुकान विकून टाकत नाही, माल कमी उचलतो आणि वाट बघतो.

हे मला एका बापाने शिकवलं, ते सांगते कारण ह्यात चूक माझी होती. नोकरीला लागून चार-पाच वर्षं झाली असतील, चौथीच्या वर्गातला एक मुलगा, मराठी माध्यम, वडील खंडेराव मार्केटपाशी फुलांचे हार करून विकायचे. मी त्याच्या प्रगतीपुस्तकात शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द लिहिला, मंद. कशात, किती, काही नाही, चाळीस पुस्तकं भरायची होती आणि रकाना अर्ध्या इंचाचा होता. दोन दिवसांनी वडील शाळेत आले, दुपारचा धंदा सोडून आलेले, बोटांवर हाराच्या दोऱ्याचे काळे वळ, आणि पुस्तक माझ्यापुढे ठेवून अगदी शांतपणे म्हणाले, "बाई, बाजारात मंदी आली की मी गलगोटा कमी उचलतो, दसऱ्याला परत तेजी येते. ह्याची मंदी कशानं जाईल तेवढं लिहून द्या ना." गलगोटा म्हणजे झेंडू, आमच्याकडे गुजराती शब्दच चालतो. मला काहीही उत्तर देता आलं नाही. तो माणूस भांडायला आला असता तर बरं झालं असतं असं मला आजही वाटतं, त्याने तो शब्द माझ्यापेक्षा बरोबर वाचला होता.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला सुट्टीत माझ्याजवळ बसवून वाचायला लावलं, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे न बघता बोटाकडे बघितलं. ओळीखालून बोट सरकवत वाचायचा. बोट एका लयीत जायचं आणि ठराविक ठिकाणी थांबायचं. ज आला की थांबायचं, ख आला की थांबायचं, अ आणि झ ला तर मागे जाऊन परत यायचं. विचारल्यावर कळलं की तो दुकानात काकांकडून गुजराती वाचायला शिकला होता, रिक्षावरच्या पाट्या, दुकानांचे बोर्ड, बिलं, सगळं गुजराती, आणि गुजरातीत ह्या अक्षरांची वळणं देवनागरीपेक्षा वेगळी आहेत, वर शिरोरेघ नाही. म्हणजे हे पोर नऊ वर्षांचं असताना दोन लिप्या वाचत होतं आणि प्रत्येक ओळीत तीन-चार वेळा मनातल्या मनात कूस बदलत होतं, आणि मी त्याला मंद लिहिलं. त्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर आम्ही दोन रकाने केले, एकीकडे देवनागरी अ, ज, झ, ख, च, दुसरीकडे त्याच्या हातची गुजराती, रोज मधल्या सुट्टीत दहा मिनिटं तेवढंच. सहामाहीनंतर अडखळणं बरंच कमी झालं होतं. त्यानंतर मी शेऱ्यात एकटा मंद कधी लिहिला नाही, "ज, ख ला थांबतो" असं लिहायला लागले, मग रकान्याबाहेर गेलं तरी चालेल.

सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सगळ्या बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, आणि त्याच महाराजांच्या काळात १९३१ ला सयाजीशासनशब्दकल्पतरू हा कोश निघाला, राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, फारसी अशा अनेक भाषांतले प्रतिशब्द समोरासमोर ठेवलेला. नेमका शब्द सापडावा म्हणून इतकी मेहनत झालेल्या गावात आपण मुलांबद्दलचे शब्द इतके ढोबळ वापरतो ह्याचं मला वाईट वाटतं.

बरं, पुढे. मंद चे बाकीचे भाऊबंद भराभर सांगते. मंद्र म्हणजे गाण्यातलं खालचं सप्तक, मंद्र, मध्य, तार. अमरकोशात मंद्र चा अर्थ गंभीर आवाज असा दिलाय. हळू किंवा कच्चा असा नाही. १८८६ ला गवई मौलाबक्षांनी बडोद्यात गायनशाळा काढली, तिची परंपरा आज सूरसागरसमोर युनिव्हर्सिटीच्या संगीत विभागात चालू आहे, तिथल्या कुठल्याही विद्यार्थ्याला विचारा, मंद्रात आवाज लावणं किती अवघड असतं ते. शनीचं एक नाव मंद आहे, कारण नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या ग्रहांत तो सगळ्यात सावकाश चालतो, पूर्ण फेरीला साधारण साडेएकोणतीस वर्षं, म्हणून एका राशीत अडीच आणि तीन राशींची मिळून साडेसाती. शनैश्चर म्हणजे तरी काय, शनैः चरति, हळूहळू चालणारा. तिथेही मंद हा नुसता वेगाचा हिशोब होता, भीती नंतर चिकटली. हत्तींच्या जाती सांगताना भद्र, मंद, मृग अशा सांगतात. पंचांगात हरवलेली वस्तू मिळेल का बघायला नक्षत्रांचे अंध, मंद, मध्य, सुलोचन असे गट करतात, तिथे मंद म्हणजे कमी दिसणारं. आणि एक फार सुंदर शब्द, मंदाक्ष. शब्दशः मंद डोळ्यांचं असणं, आणि अर्थ लाज. डोळे खाली जातात ती लाज. वर्गात उत्तर येत असूनही मान खाली घालून बसलेली मुलं मी शेकड्यांनी पाहिलीत, त्यांना मंद म्हणणाऱ्यांनी एकदा मंदाक्ष शब्द आठवावा. मंदार फूल मात्र ह्या यादीत ओढू नका, नुसतं मंद दिसलं म्हणून तो नातेवाईक होत नाही.

कालिदासाचं सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण सासऱ्यांचा आणि नवऱ्याचा वाद तिथे एकाच माणसाच्या हातात मिटलाय. रघुवंशाच्या सुरुवातीला तो स्वतःबद्दल म्हणतो "मन्दः कवियशःप्रार्थी", मी मंद, आणि कवीचं यश मागतोय, लोक हसतील. इथे मंद म्हणजे मंदबुद्धी, शंकाच नाही. आणि मेघदूतात तोच लिहितो "मन्दं मन्दं नुदति पवनः", वारा तुला हळूहळू पुढे ढकलतोय. आणि ते अख्खं काव्य ज्या वृत्तात आहे त्याचं नाव मंदाक्रांता, सतरा अक्षरांची ओळ, पहिली चार अक्षरं गुरू, म्हणजे लांब उच्चाराची, पाऊल जड, मग थांबा, मग सहा, मग सात. मोठ्याने म्हणून बघा, मन्दं मन्दं ही चारही अक्षरं जीभ सावकाश टाकते. एकाच कवीच्या हातात तो शब्द नम्रतेचाही आहे आणि वाऱ्याचाही, आणि दोन्हीकडे शेजारी काय आहे त्यावरून अर्थ ठरतो.

आता मठ्ठ. मठ्ठ चा मंद शी व्युत्पत्तीचा संबंध नाही, तो वेगळ्या वाटेने आला. प्राकृतात मट्ठ असा शब्द होता, अर्थ आळशी, मंद, आणि तो देशी समजला जायचा, म्हणजे संस्कृतातून सरळ न काढता येणारा. मठ्ठ मध्ये गती नाही, प्रतिसाद नाही हे मुख्य. बैल मठ्ठ असतो, टोचलं तरी हलत नाही. मंद माणूस हळू का होईना चालतोय, मठ्ठ उभाच आहे, एवढा फरक माझ्या कानाला लागतो. जेवणातला मठ्ठा आणि हा मठ्ठ ह्यांची गल्लत करू नये, तो ताकाचा, हिंगजिऱ्याचा, त्याचा आळसाशी संबंध नाही.

ढ ची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते, की ब्राह्मी लिपीपासून आजपर्यंत बाकी सगळी अक्षरं बदलली पण ढ आहे तसाच राहिला, प्रगतीच नाही, म्हणून न शिकणाऱ्या पोराला ढ म्हणतात. पहिला भाग बऱ्यापैकी खरा आहे, जुनागढला गिरनारच्या पायथ्याशी अशोकाचा शिलालेख आहे, त्या काळातला ढ पाहिलात तर आपल्या ढ शी त्याचं साम्य खरोखर दिसतं. पण दुसरा भाग मला पटत नाही. ब्राह्मी लिपी वाचता येणंच बंद झालं होतं, जेम्स प्रिन्सेप ह्या इंग्रज अभ्यासकाने १८३७ च्या सुमाराला ती पुन्हा उलगडली, मग धूळपाटीवर पोरांना अक्षरं गिरवायला लावणाऱ्या पंतोजीला ढ चा दोन हजार वर्षांचा इतिहास कुठून माहीत असणार? ही गोष्ट शब्दाला मागाहून जोडलेली आहे असं माझं मत. मराठीत ढ हा आवाजच मुळात सैल आणि बोजड गोष्टींना लागतो, ढिला, ढेपाळणं, ढेकूळ, ढोबळ, ढिम्म, ढब्बू, ढोर. कानाला तो ढप्पकन बसतो. पोराला ढ म्हणणाऱ्याला लिपी नाही, हा आवाज सुचला असणार.

ठोठ वरून एक गुजराती म्हण आहे, "ठोठ निशाळियाने वतरणां झाझां", कच्च्या विद्यार्थ्याकडे वतरणी फार. वतरणुं म्हणजे पाटीवरच्या धुळीत अक्षरं काढायची अणकुचीदार काडी, आपल्या धूळपाटीसोबत असायची तशी. म्हणजे अभ्यास नाही, काड्या मात्र दहा. आपलं नाचता येईना अंगण वाकडं. आणि आपल्या बडोदेकर मराठी घरांत एक शब्द मुकाट्याने येऊन राहिलाय तो मोळं, गुजराती मोळुं. भाजीत मीठ कमी पडलं की आमच्याकडे अळणी म्हणायच्या आधी मोळी तोंडात येतं. आषाढात मुली मोळाकत करतात, पाच दिवस बिनमिठाचं खातात, त्यातलं मोळा ते हेच. माणूस नरम पडला, जोर गेला, तरी गुजरातीत मोळो पड्यो म्हणतात. हा चवीतला मंदपणा झाला, आणि एक चिमूट मिठाने तो जातो.

मतिमंद आणि मंदबुद्धी ह्या शब्दांबद्दल मात्र थोडं कडक बोलते. हे शब्द एकेकाळी सभ्य म्हणून, वेडा आणि खुळा ह्यांच्या जागी आणले, चांगल्या हेतूने. पण शाळांच्या पाट्यांवरून ते पोरांच्या भांडणात गेले आणि शिवी झाले, पोरांच्या तोंडचा एकटा मंद हा बहुतेक तिथूनच तुटून आलाय. १९९५ च्या अपंगांसाठीच्या कायद्यात सात प्रकार होते आणि त्यात मतिमंदत्व होतं, २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत आणि तिथे बौद्धिक अक्षमता असा शब्द घेतला, शिवाय वाचन-लेखनाच्या अडचणी, ज्यात डिस्लेक्सिया येतो, त्या वेगळ्या नोंदल्या. हा फरक पालकांना माहीत असायला हवा, कारण वाचन सावकाश असणं आणि बुद्धी कमी असणं ह्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मराठीत दोन्हीला मंद म्हटल्याने किती मुलांचं नुकसान झालंय ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

तर ताई, तुम्ही असं करा. टीचरना दोन ओळी गुजरातीत लिहून पाठवा, रागाने नको, नुसतं विचारा की वाचताना ती कुठे थांबते, जोडाक्षरांना, लांब शब्दांना, की मोठ्याने वाचायला सांगितलं की. आणि घरी रोज दहा मिनिटं तिच्या शेजारी बसून ऐका, समोर नाही, शेजारी, म्हणजे तिचं बोट दिसेल. एक गुजराती पान आणि एक मराठी पान वाचून घ्या, दोन्हीकडे एकाच ठिकाणी अडते का बघा. तुमच्या घरात मराठी, शाळेत गुजराती, तर लिप्यांची अदलाबदल होत असेल हे अगदी शक्य आहे. डोळे एकदा तपासून घ्या, फळ्यावरचं दिसत नसलं की पुष्कळ मुलं वाचनात मागे दिसतात. एवढं करून दोन-तीन महिन्यांत काहीच फरक पडला नाही, किंवा अक्षरं उलटीसुलटी होत राहिली, तर ह्या विषयातल्या जाणकाराकडून डिस्लेक्सियाची तपासणी करून घ्या, त्यात लपवण्यासारखं काही नाही. आणि नवऱ्याला सांगा, मुलीसमोर मंद हा शब्द म्हणायचाच असेल तर त्याच्या आधी कशात ते लावायचं, टीचरनी लावलंय तसं.